जरा कोमट होऊ दे

समोर काहीही आलं की बाई आधी त्याला उलटा हात लावायच्या. चहाचा ग्लास, डब्यातली भाजी, बसच्या खिडकीची दांडी, प्रयोगशाळेतलं भांडं, एखाद्याचं कपाळ. बोटांची मागची बाजू अलगद टेकवायची, डोळे क्षणभर बारीक करायचे आणि निकाल द्यायचा, "जरा कोमट होऊ दे."

कारखान्याच्या फाटकासमोरच्या लारीवर, म्हणजे चहाच्या हातगाडीवर, आम्ही सगळे जीभ भाजून घेत चहा प्यायचो. बाई मात्र ग्लास फळीवर ठेवून उभ्या. चहावर साय धरायची, लारीवाल्याचा जीव कासावीस व्हायचा. "बेन, आ तो ठंडी थई गई!" तो कळवळून म्हणायचा. "ठंडी नथी, नवशेकी छे," बाई शांतपणे सांगायच्या आणि मग आमच्याकडे वळून मराठीत, "कोमट ने थंड, यात फरक आहे ने."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याचं जग मोजायचं माप एकच असतं. कुणी घराण्यावरून माणूस जोखतो, कुणी अक्षरावरून. बाई सगळं तापमानावरून जोखायच्या. आणि त्यात त्यांचा दोष नव्हता, त्यांचं आयुष्यच कोमट राखण्यात गेलं होतं.

बडोद्याजवळ वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एन्झाइमचा कारखाना. कापडाची खळ काढायचं एन्झाइम, फळांचा रस निवळायचं एन्झाइम, कपड्यांवरचे डाग खाणारं एन्झाइम. निळ्या पिंपांतून माल देशभर जायचा. बाई चाचणी प्रयोगशाळेच्या प्रमुख. माल जिवंत आहे का, किती जोराने काम करतो, हे त्या तपासायच्या. त्यांची सही झाल्याशिवाय पिंप हलायचं नाही. आणि मी विक्री विभागात. भुसावळहून बदली होऊन बडोद्याला आलेल्या रेल्वेवाल्याचा मुलगा, निजामपुऱ्यात वाढलेला, बी. कॉम. नोकरी लागली तेव्हा एन्झाइम म्हणजे एखादं खत असावं अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

पहिल्याच संध्याकाळी मी घोडचूक केली. परतीच्या बसमध्ये सगळ्यांच्या आधी चढलो आणि ड्रायव्हरच्या मागची खिडकी पकडून ऐटीत बसलो. बस एकदम गप्प झाली. ड्रायव्हर रमणभाई आरशातून माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी चपला घालून गाभाऱ्यात शिरलोय. बाई चढल्या, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी उदारपणे शेजारची जागा दाखवली.

"तू नवा?"

"हो."

"कुठल्या खात्यात?"

"सेल्स."

"तरीच. तू इन्हिबिटर आहेस."

मला वाटलं बाई माझा हुद्दा विचारतायत. "नाही बाई, असिस्टंट," मी नम्रपणे म्हणालो.

बस हसून हसून लोळली. बाई हसल्या नाहीत. दांडी धरून उभ्या उभ्या त्यांनी मला पहिला धडा दिला.

"एन्झाइम म्हणजे लग्न जमवणारी मावशी. तिच्या घरी एक चटई. इकडून मुलगा आणते, तिकडून मुलगी आणते, चटईवर शेजारी बसवते. एरवी ती दोघं वर्षानुवर्षं एकमेकांसमोरून गेली असती तरी काही झालं नसतं. मावशीच्या चटईवर बसली की जमलंच. मावशी चटई झटकते, पुढच्या जोडप्याला बोलावते. स्वतः जशीच्या तशी. ना तिला हळद लागत, ना अक्षत. कळलं ने?"

"आणि ते... इन्हिबिटर?"

"त्याला लग्न करायचं नसतं. पण दिसायला नवरदेवासारखा. येतो, चटईवर बसतो, चहा पितो, उठतच नाही. खरा नवरदेव दारात ताटकळतो. ऊठ आता."

मी उठलो. त्या दिवसापासून कारखान्यात माझं नाव 'चटईवाला' पडलं ते आजतागायत.

पण शेजारची जागा मला मिळाली, ती कायमची. बस गोत्रीहून निघायची, तिथून बाई बसायच्या. मी निजामपुऱ्याला चढायचो. वाघोडिया येईपर्यंत माझी शिकवणी चालायची. बाईंचे पूर्वज जुन्या संस्थानाच्या कचेरीत लिहिणारे. त्यामुळे त्यांचं मराठी कसं इस्त्री केलेलं, आणि त्यात मध्येच गुजरातीची फोडणी, 'आणि'च्या जागी 'ने'. "पोळीचा घास तोंडात धर," एकदा त्यांनी डबा उघडून फर्मावलं. "गिळू नको. ने बोलू नको."

दुसरी अट मला जड होती, पण पाळली. घास तोंडात विरत गेला आणि खरंच, हळूहळू गोड लागायला लागला.

"लाळेतलं एन्झाइम. पिठाची लांब साखळी तोडतंय, साखर सुटतीय. तुझ्या तोंडात बसल्या जागी एक कारखाना आहे. तू त्यातून नुसती बडबड काढतोस."

मी हा प्रयोग उत्साहाने एका गिऱ्हाइकावर करून पाहिला. गिऱ्हाईक, त्यांचा धाकटा भाऊ आणि मी, तिघंही तोंडात भाकरीचा घास धरून एकमेकांकडे गंभीरपणे पाहत बसलेलो. तेवढ्यात त्यांचे वडील आत आले. त्यांना वाटलं, कुणीतरी गेलंय आणि मौन पाळणं चालू आहे. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि तेही उभे राहिले. ऑर्डर मिळाली नाही. बाईंना सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी पहिल्यांदा पाहिलं ते असं.

त्यानंतरचा माझा पराक्रम कापडगिरणीचा. कापडाची खळ काढायचा आमचा माल कोमट पाण्यात छान चालतो, हे मी ऐकलं होतं. कोमट पाण्यात एवढा चालतो, तर खळखळत्या पाण्यात किती पळेल, असा माझा बी. कॉम.चा हिशेब. गिरणीवाल्यांना मी तसं ठासून सांगितलं. त्यांनी टाकी उकळवली, माल ओतला. खळ जिथल्या तिथे. त्यांनी फोन करून माझ्या खानदानाची अस्सल सुरती गुजरातीत विचारपूस केली.

"मेलं," बाई म्हणाल्या.

"कोण?"

"तू मारलंस ते. थंडीत ठेवलंस तर ते झोपतं, मरत नाही. ऊब दिली की उठून कामाला लागतं. अजून ऊब दे, अजून जोरात करतं. पण सहन होण्यापलीकडे गेलं की त्याची घडीच मोडते. उकडलेलं अंडं परत कच्चं करून दाखव मला. म्हणून म्हणते..."

"जरा कोमट होऊ दे," मी वाक्य पुरं केलं.

"तोंडपाठ आहे. डोक्यात कधी जाणार?"

ऊब झाली, मग आंबट-खारटाची पाळी. पोटातलं एन्झाइम आंबटात खूश, तेच आतड्यात नेलं की रुसतं. आतड्यातलं पोटात नेलं की तेही रुसतं. "ज्याचं त्याचं पाणी असतं," बाई म्हणायच्या. "मला पुण्याला नेऊन ठेव, मी चालणारच नाही. मी बडोद्याच्या पाण्यावर चालते."

आता शालूची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही, नाहीतर कोण आपल्या सासूबाईंच्या शालूची अब्रू चारचौघांत काढेल?

आमच्या हिला तिच्या आईने लग्नात दिलेला रेशमी शालू. एका बारशात त्यावर बासुंदी सांडली. ही रडवेली. मी छाती पुढे काढली. डाग खाणाऱ्या एन्झाइमचा नमुना माझ्या बॅगेत होताच. आणि मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा मी बाईंचं सगळं ऐकलं. पाणी उकळलं नाही, कोमट केलं. उलटा हात लावून पाहिलं. चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला, कारण त्या मालाला तसलं पाणी आवडतं. माल सढळ हाताने घातला, शालू भिजवला, वर झाकण ठेवून ऊब धरली आणि निवांत झोपलो. सकाळी पिळायला घेतला तर टर्रकन आवाज आला. चमक गेलेली, पोत बुरशी लागल्यासारखा भुसभुशीत. जरीला तेवढं काही झालं नव्हतं. हिने माझ्याशी बोलणं टाकलं. किती दिवस ते सांगत नाही.

बसमध्ये मी शालूचा फाटलेला तुकडा बाईंना दाखवला. त्यांनी तो मांडीवर पसरून बराच वेळ पाहिला.

"रेशीम म्हणजे काय? किड्याने काढलेलं प्रोटीन. बासुंदीचा डाग म्हणजे काय? दुधाचं प्रोटीन. तुझं एन्झाइम काय तोडतं?"

"प्रोटीन," मी मेल्या आवाजात म्हणालो.

"मग त्याचा काय दोष? त्याला काय माहीत, डाग कुठला ने शालू कुठला?"

हे वाक्य माझ्या लक्षात राहिलं, कारण ही मला ते बरीच वर्षं ऐकवायची. 'त्याला काय माहीत', असं म्हणून माझ्याकडे बोट.

मग एका थंडीत बाई बरेच दिवस आल्या नाहीत. आल्या त्या खिडकीशी बसल्या आणि त्यांनी कशालाच हात लावला नाही. मी दोन विनोद केले, दोन्ही पडले.

"इराला बरं नाही," शेवटी त्या म्हणाल्या.

इरा म्हणजे त्यांची नात. बाईंचे यजमान लवकर गेलेले. मुलगी आणि रिफायनरीत नोकरीला असलेले जावई त्यांच्याजवळच राहायचे, गोत्रीच्या सोसायटीत. इरा वर्षाची व्हायची होती. वरणाचं पाणी, मऊ खिचडी सुरू केली आणि पोर उलट्या करायला लागली. मग नुसती झोपून राहायला लागली. उठवलं तरी पूर्ण उठेना. रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं, आणि उत्तर आलं ते बाईंच्याच विषयातलं. तिच्या शरीरात एक एन्झाइम अधू होतं. त्याचं नाव बाईंनी सांगितलं. मला ते उच्चारता येत नाही आणि तुम्हालाही त्याचा उपयोग नाही.

"डाळ, दूध, दही, सगळ्यात प्रोटीन," बाई खिडकीबाहेर बघत सांगत होत्या. "शरीर त्याचे तुकडे करतं. हवे तेवढे वापरतं, उरलेले पायरी पायरीने निकालात काढतं. दर पायरीवर एक मावशी बसलेली. इराच्या एका पायरीवरची मावशी लंगडी आहे. अगदीच नाही असं नाही. आहे. पण एखाद्या जोडप्याला उठवेपर्यंत दारात गर्दी होते. ने ती गर्दी तुंबली की तिचं विष होतं. डोक्यात चढतं."

आता मी काय बोललो ते ऐका. मनापासून बोललो, एवढंच माझ्या बाजूने.

"बाई, त्यात काय एवढं! आपल्याकडे पिंपंच्या पिंपं आहेत. तिला लागतं ते एन्झाइम आपण करू आणि चमच्याने पाजू."

बाई मला मूर्ख म्हणतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मी पण डॉक्टरांना पहिल्यांदा तेच विचारलं. मी! सगळा जन्म यात गेला, ने तोंडातून प्रश्न निघाला तो तुझाच." मग म्हणाल्या, "एन्झाइम स्वतःच प्रोटीन असतं रे. पोटात गेलं की पोट त्याला वरण समजतं, तुकडे करतं. जिथे हवं तिथवर ते पोचतच नाही. उलट तिला तेवढं वरण पाजल्यासारखं. ने वरणच तर तिला नको."

बस फाटकाशी पोचली होती. आतून निळी पिंपं भरलेला ट्रक बाहेर पडत होता. रमणभाईंनी बस बाजूला घेऊन त्याला वाट दिली. प्रत्येक पिंपावर बाईंची सही होती.

त्यानंतर बाईंनी आपली दुसरी प्रयोगशाळा घरी मांडली. स्वयंपाकघरात सोनाराकडे असतो तसा नाजूक काटा आला. भात तोलून, बटाटा तोलून. दुधाऐवजी बाहेरून मागवलेली एक पावडर. मी एकदा चाखली, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. बोलायला लागल्यावर इरा ती 'मस्त' म्हणून प्यायची. साबुदाणा, रताळं, साखर, तूप आणि फळं, एवढ्यावर बाईंनी त्या पोरीसाठी अख्खं बडोदं उभं केलं. सोसायटीतली मुलं लारीवर शेव-उसळ खायला जायची. मटकी नको, वाटाणा नको, बेसनाची शेव नको, मग उरलं काय? बाईंनी बटाट्याचा लालभडक रस्सा केला आणि साबुदाण्याच्या पिठाची शेव पाडली. इरा वाटी घेऊन खाली सगळ्यांत जाऊन बसायची. "माझं शेव-उसळ तुमच्यापेक्षा तिखट आहे," असं ऐटीत सांगायची.

मी घरी गेलो की ती माझ्या मांडीवर चढून माझ्या टकलाला उलटा हात लावायची. डोळे आजीसारखेच बारीक. "आजी, चटईकाका गरम आहे."

"जरा कोमट होऊ दे," आतून आवाज यायचा.

संक्रांत आली की बाईंच्या घरी मोठी लगबग. तिळगूळ इराला चालायचा नाही, तिळात आणि शेंगदाण्यात तेच ते. मग बाई काटेरी हलवा करायच्या, आत तिळाऐवजी भाजलेला साबुदाणा घालून. तुम्ही कधी हलवा करताना पाहिलाय? कढई मंद आचेवर, वरून चमच्याने थेंब थेंब पाक, आणि दाणे सतत बोटांनी फिरवत राहायचे. आच वाढली की पाक पिवळा पडतो, कमी झाली की काटा येत नाही. दिवसचे दिवस लागतात. "याला चिमटा, झारा चालत नाही," बाई म्हणायच्या. "बोटालाच कळतं." मीही एकदा बोटं घातली, फोड आले, आणि माझ्या वाट्याचे दाणे एकमेकांना चिकटून त्यांचा एक लाडू झाला. इराने त्याला 'चटईकाकाचा दगड' असं नाव दिलं.

उत्तरायणाला इरा गच्चीवर काळ्या फ्रॉकमध्ये, अंगावर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने, आणि गळा फाटेपर्यंत "काप्यो छे!" पतंग कुणाचा कापला याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. मधूनच मान खाली घालून ती आपल्याच हारातला दाणा दातांनी तोडून खायची. संध्याकाळपर्यंत अर्धा हार पोटात. बाई कठड्याशी उभ्या राहून तिला पाहत होत्या. "सगळं तोडू दे तिला," म्हणाल्या. "यातलं तिला काही बाधत नाही."

पुढे डॉक्टरांनी एक जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात देऊन पाहायचं ठरवलं. काही एन्झाइमांना मदतनीस लागतो, तो भरपूर मिळाला तर अधू एन्झाइमही थोडं जोर धरतं. "लंगड्या मावशीला काठी," बाईंनी आम्हाला समजावलं. त्या दिवसांत सगळी बस त्या काठीची वाट बघत होती. रमणभाई रोज आरशातून विचारायचे, "बेन, रिपोर्ट?" आणि एके दिवशी मी चढलो तर बाईंच्या चेहऱ्यावरूनच कळलं. गर्दी थोडी ओसरली होती. फार नाही, थोडी. बाईंनी लारीवर सगळ्यांना चहा पाजला, तिकडे बोलण्याच्या नादात स्वतःचा ग्लास विसरल्या. तो पार गार झाला. त्या दिवशी त्या तोही प्यायल्या.

पावसाळ्याच्या शेवटी सोसायटीतली सगळी मुलं एका साध्या तापाने पडली. मुलं तापतात तशी तापली आणि बरी होऊन परत सायकली फिरवायला लागली. त्या सकाळी बाई म्हणाल्या, "इराचं कपाळ आज जरा..." आणि निकाल दिलाच नाही. वाटेत त्यांच्या मुलीचा फोन आला. "रमणभाई, ऊभी राखो," म्हणत त्या हायवेवरच उतरल्या आणि समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला.

दुपारी मी दवाखान्यात गेलो. खाटेवर इरा, हाताला सुई, सुईतून साखरेचं पाणी. बाई उशाशी. त्यांचा उलटा हात तिच्या कपाळावर, आणि तो त्या काढत नव्हत्या.

मी विचारलं, "बाई, चुकून काही खाल्लं का तिने?"

"काही नाही. खातच नाहीय ती, तोच घोळ आहे." बाईंचा आवाज बसमधल्यासारखाच होता, शिकवतानाचा. कदाचित तोच एक आवाज त्यांच्याजवळ उरला असेल. "ताप आला, खाणं सुटलं, की शरीर भुकेलं होतं. मग ते आपलंच मांस तोडायला घेतं. बाहेरून डाळीचा दाणा गेला नाही तरी आतून डाळ येतीय. ने मावशी एकटी. साखर चालू आहे, म्हणजे शरीराने मांसाला हात लावू नये. पण ऐकत नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझा शालू आठवतो?"

मी मान हलवली.

"तसं आहे. त्याला काय माहीत, डाळ कुठली ने इरा कुठली."

सगळं बरोबर झालं होतं, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. वेळेत नेलं होतं, साखर वेळेत लागली होती, विष काढायचं यंत्रही जोडलं होतं, डॉक्टर खाटेपासून हलले नव्हते. माझ्या गोष्टींत नेहमी कुणीतरी मूर्खपणा करतो, बहुतेक मीच, आणि मग त्यावर हसून सुटता येतं. या गोष्टीत कुणाचंच काही चुकलं नाही.

ताप उतरला. बाईंनी हात लावला तेव्हा कपाळ कोमट होतं. मग तेही राहिलं नाही.

बाई कामावर परत आल्या. लारीवर आम्ही सगळे मुद्दाम काहीबाही बोलत होतो. लारीवाल्याने पातेलं उतरवून चहा गाळला, सवयीने बाईंचा ग्लास फळीवर बाजूला ठेवला. बाईंनी तो उचलला आणि तसाच, वाफाळता, तोंडाला लावला. घोट घोट घेत संपवला. लारीवाला "बेन... बेन..." करत राहिला. त्यांचे ओठ लाल झाले होते. त्यांनी पदराने तोंड टिपलं आणि फाटकातून आत निघून गेल्या. त्यानंतर 'जरा कोमट होऊ दे' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. पिंपांवर सह्या होत होत्या. मावशी, चटई, सगळं बंद. मी एकदा मुद्दाम त्यांच्या खिडकीशी जाऊन बसलो. वाटलं, निदान 'ऊठ' तरी म्हणतील. त्या आल्या, मला पाहिलं आणि मुकाट्याने शेजारच्या जागेवर बसल्या. मला उठताही येईना, बसताही येईना.

संक्रांतीला मी बसमध्ये चढलो तेव्हा बाईंच्या हातात स्टीलच्या लहान लहान डब्या होत्या. एकेकाला एकेक दिली. रमणभाईंना दिली, मला दिली. तिळगुळाबरोबर जे म्हणायचं असतं ते म्हणाल्या नाहीत. नुसतं, "घे."

मी झाकण उघडलं. हलवा. पांढराशुभ्र, काट्या-काट्यांचा, टपोरा. आत साबुदाणा.

"बाई, हे..."

"डिसेंबर संपला की बोटं आपोआप भाजायला घेतात रे," त्या म्हणाल्या. आपली बोटं त्यांनी मांडीवर उलटी ठेवली होती आणि त्यांच्याकडे अशा बघत होत्या, जशी ती दुसऱ्या कुणाची तरी आहेत. "त्यांना काय माहीत."

महिनाअखेर त्यांनी नोकरी सोडली. मुलीला त्या घरात राहवेना, जावयांनी दूर दक्षिणेकडे बदली मागून घेतली, आणि बाई त्यांच्याबरोबर गेल्या. ज्या बाई बडोद्याच्या पाण्यावर चालायच्या, त्या. कधी फोन केला तर बोलतात. "बरी आहे," म्हणतात, "तुझं काय?" मी माझा एखादा नवा मूर्खपणा सांगतो. पलीकडून हसल्यासारखा आवाज येतो आणि फोन लवकर संपतो. आताशा मी करत नाही.

डबी मी ठेवून दिली होती. हलवा टिकतो. या संक्रांतीला गच्चीवर सगळीकडे आरडाओरडा चालू होता, ही स्वयंपाकघरात होती. मी डबी काढली आणि एक दाणा तोंडात टाकला. गिळायचं नाही, बोलायचं नाही. आधी काटे गेले, मग साखर गेली. आत साबुदाण्याचा मणी राहिला, कडक आणि बेचव. मी तो जिभेवर तसाच धरून बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याच्या कडा मऊ पडल्या आणि अगदी हळूहळू, कुणी न सांगता, तो गोड लागायला लागला.

माझ्यासारख्या बडबड्याच्या तोंडात ते एन्झाइम एवढं चोख काम करत होतं.

"अहो, गप्प का?" हिने आतून विचारलं. "अहो!"

बोलायचं म्हणजे तो गिळावा लागला असता.